फ्लॉरेन्समध्ये पायी, निवांत एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो, आणि तोही रोम आणि व्हेनिस यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवलेला असतो. तो दिवस बसच्या खिडकीतून आणि रांगांमधून न घालवता पायी आणि सावकाश कसा घालवावा, याबद्दल मराठी प्रवाशांकडून पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कमी ठिकाणे पाहावीत आणि त्यांच्यामधले रस्तेही पाहावेत, या मताच्या बाजूने ही उत्तरे झुकलेली आहेत, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

एका दिवसात फ्लॉरेन्स पाहून होते का?

होत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. उफ्फीत्सी, अकादेमिया, पित्ती राजवाडा, बार्जेल्लो, सान्ता क्रोचे, सान लोरेन्त्सो, कॅथीड्रलचे संग्रहालय अशी यादी हातात घेऊन निघालेला माणूस तिसऱ्या दालनानंतर चित्रांकडे पाहणे सोडून बाकांकडे पाहू लागतो. एका दिवसासाठी एक बंदिस्त ठिकाण पुरेसे आहे. बाकीचा वेळ चौक, पूल, गल्ल्या आणि नदीचा काठ यांना द्यावा, कारण या शहरातली उत्तम शिल्पे आणि वास्तू मोठ्या संख्येने उघड्यावरच आहेत आणि त्यांना तिकीट लागत नाही. १९८२ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेही एखाददुसऱ्या इमारतीला नव्हे, शहराच्या संपूर्ण जुन्या भागाला.

एकूण किती चालावे लागते? वयस्कर आईवडिलांना ते झेपेल का?

जुने शहर आटोपशीर आहे. रेल्वे स्थानकापासून कॅथीड्रल दहा-बारा मिनिटांवर, तेथून सिन्योरिया चौक सात-आठ मिनिटांवर, आणि चौकातून जुना पूल, म्हणजे पोंते वेक्यो, पाच मिनिटांवर आहे. नदीपलीकडचा भाग धरूनही दिवसभरात पाच-सहा किलोमीटरपेक्षा जास्त चाल होत नाही, आणि संध्याकाळी चढायची टेकडी सोडली तर सगळा रस्ता सपाट आहे.

त्रास अंतराचा होत नाही, फरसबंदीचा होतो. रस्त्यांवर मोठ्या दगडी फरशा आहेत, त्यांच्या सांध्यांमध्ये पाऊल अडखळते, पाऊस पडला की त्या निसरड्या होतात, आणि पदपथ काही ठिकाणी इतके अरुंद आहेत की समोरून कोणी आले तर एकाला रस्त्यावर उतरावे लागते. त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी जाड, मऊ तळव्याचे, आधीपासून वापरातले बूट घालावेत. नवे कोरे बूट प्रवासासाठी राखून ठेवण्याची आपल्याकडची सवय येथे महागात पडते. दर तासाभराने बसण्याची जागा मनाशी ठरवून ठेवावी. चर्चमधील बाके, सान्तो स्पिरितो चौकातल्या पायऱ्या आणि राजवाड्यांच्या भिंतींना पायथ्याशी मुद्दाम बांधलेले लांब दगडी कट्टे यांसाठी उपयोगी पडतात. हे कट्टे पंधराव्या शतकापासून येणाऱ्याजाणाऱ्यांना टेकायला दिलेले आहेत, तेव्हा संकोच करण्याचे कारण नाही.

कोणता महिना आणि कोणता वार निवडावा?

एप्रिल, मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे महिने चालण्यासाठी चांगले आहेत. शहर टेकड्यांच्या खोलगटात वसलेले असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये उष्मा कोंडतो आणि दुपारी पारा ३५ अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे. मुलांच्या शाळेच्या सुट्टीमुळे जूनमध्येच जाणे भाग असेल तर दुपारी बारा ते चार हा वेळ आत, सावलीत घालवावा. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळ लांब मिळते. डिसेंबरमध्ये तोच सूर्य पावणेपाचच्या आत गेलेला असतो.

उफ्फीत्सी आणि अकादेमिया ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो. त्या दिवशीची गर्दी पाहता ही सवलत निवांत दिवस शोधणाऱ्याच्या कामाची नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालतात आणि पर्यटकांसाठी वेळा बदलतात, तेव्हा त्या आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात.

शहरात कसे पोहोचावे? भाड्याची मोटार घ्यावी का?

रेल्वेने यावे. रोमहून वेगवान गाडीला साधारण दीड तास लागतो, व्हेनिस किंवा मिलानहून सुमारे दोन तास. आरक्षण करताना स्थानकाचे नाव 'फिरेन्त्से सान्ता मारिया नोवेल्ला' असे निवडावे. शहराच्या दुसऱ्या स्थानकावर उतरल्यास सकाळ वाया जाते. सामान स्थानकातच पैसे देऊन ठेवण्याची सोय आहे. विमानतळापासून मध्यवर्ती भागापर्यंत ट्राम येते.

मोटार मात्र आणू नये. जुन्या शहरात परवानाधारक वाहनांनाच प्रवेश आहे, सीमेवर कॅमेरे बसवलेले आहेत, आणि नकळत आत शिरलेल्या भाड्याच्या गाडीचा दंड काही महिन्यांनी घरी पोहोचतो. एकाच रस्त्यावरून दोनदा गेल्यास दोन दंड होऊ शकतात.

आधीपासून काय आरक्षित करावे?

कॅथीड्रलच्या घुमटावर चढायचे असेल तर त्याची वेळ, आणि जे एक संग्रहालय निवडाल त्याची वेळ. एवढे पुरे. तिकिटे त्या-त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत, कारण शोध घेताना वरती दिसणारी बरीच संकेतस्थळे दलालांची असतात आणि तेच तिकीट बऱ्याच जास्त किमतीला विकतात. कॅथीड्रलच्या आत जायला पैसे पडत नाहीत, फक्त रांग लागते. खांदे आणि गुडघे झाकलेले असणे तेथे आवश्यक आहे. आपल्याकडच्या सलवार-कमीजला किंवा साडीला अडचण येत नाही, उन्हाळ्यातल्या अर्ध्या चड्डीला येते.

सकाळची सुरुवात कुठून करावी?

कॅथीड्रलच्या चौकातून, आणि शक्य तर आठच्या आधी. त्या वेळी चौकात सफाई कामगार, कुत्री फिरवायला आलेले रहिवासी आणि कामावर निघालेले सायकलस्वार एवढेच असतात, आणि पांढऱ्या, हिरव्या व गुलाबी संगमरवराच्या त्या प्रचंड भिंतीला शांतपणे पूर्ण फेरी मारता येते. ही फेरी आवर्जून मारावी. बहुतेक प्रवासी समोरच्या दर्शनी भागाचे छायाचित्र काढून पुढे जातात, आणि तो दर्शनी भाग तर इमारतीतला सर्वांत नवा भाग आहे: त्याचे काम १८८७ साली पूर्ण झाले. मूळ बांधकाम १२९६ मध्ये आर्नोल्फो दी काम्बियो याने सुरू केले होते. शंभरहून अधिक वर्षे इमारत वाढत गेली आणि मधोमध घुमटासाठी एक अवाढव्य मोकळी जागा राहिली, जी कशी झाकायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. एवढ्या रुंदीला खालून आधार देण्यासाठी लागणारे लाकूड आणि परांचीचा खर्च दोन्ही आवाक्याबाहेरचे होते. १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या सोनारकामात तयार झालेल्या माणसाने असा आधार न देताच घुमट उभारण्याचा प्रस्ताव मांडला आणि १४२० ते १४३६ या काळात तो पुराही केला.

त्याची युक्ती समजून घेतली तर घुमटाकडे पाहण्याची नजर बदलते. घुमट दुहेरी आहे, म्हणजे आत एक जाड कवच आणि बाहेर एक पातळ कवच आहे. विटा सरळ थरांत न रचता ठरावीक अंतरावर उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारख्या नक्षीत रचल्या आहेत, त्यामुळे चुना ओला असतानाही आतल्या बाजूला कललेला थर घसरत नाही आणि प्रत्येक पूर्ण झालेले कडे स्वतःचे वजन स्वतःच पेलते. या घुमटात चाळीस लाखांहून अधिक विटा आहेत असे मानले जाते.

फेरी मारताना कॅथीड्रलच्या मागच्या बाजूला जमिनीकडे लक्ष ठेवावे. फरसबंदीत एक गोल पांढरी संगमरवरी चकती बसवलेली आहे. घुमटाच्या शिखरावरचा सोनेरी तांब्याचा गोळा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वीज पडून खाली कोसळला, त्या जागेची ती खूण आहे. पायाखालून रोज हजारो माणसे जातात आणि थांबणारी फार थोडी असतात.

समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाच्या पूर्वेकडच्या सोनेरी दारांवर लोरेन्त्सो गिबेर्ती याने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे काम केले. आज दिसतात त्या प्रतिकृती आहेत; मूळ दारे कॅथीड्रलच्या मागे असलेल्या संग्रहालयात ठेवलेली आहेत.

घुमटावर चढणे योग्य ठरेल का?

पायऱ्या ४६३ आहेत, उद्वाहन नाही, आणि वरच्या टप्प्यात वाट दोन कवचांच्या मधून, तिरप्या भिंतींना धरून जाते. हृदयविकार, दमा किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी विचार सोडून द्यावा. ज्यांना चढता येते त्यांना विटांची ती रचना हाताच्या अंतरावर पाहायला मिळते, आणि वसारी व त्सुक्कारी यांनी रंगवलेले अंतिम न्यायनिवाड्याचे चित्र अगदी जवळून दिसते. शेजारच्या घंटाघराला ४१४ पायऱ्या आहेत. जॉत्तोने त्याची सुरुवात १३३४ मध्ये केली. केवळ दृश्याचा विचार केला तर घंटाघर सरस आहे, कारण तेथून घुमट दिसतो आणि घुमटावरून तो दिसणे अर्थातच शक्य नसते. दोन्ही एका दिवसात चढू नयेत.

एकच संग्रहालय पाहायचे तर कोणते?

हा आवडीचा प्रश्न आहे, तरीही स्पष्ट मत द्यायचे झाल्यास पहिल्यांदा येणाऱ्याने अकादेमिया निवडावे. ते लहान आहे, दीड तासात नीट पाहून होते, आणि तेथे मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे. १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला हा पुतळा ५ मीटरहून थोडा अधिक उंच आहे. ज्या संगमरवरी शिळेतून तो निघाला ती आधी दोन शिल्पकारांनी हाती घेऊन सोडून दिलेली होती आणि अनेक वर्षे कॅथीड्रलच्या आवारात पडून होती. पुतळ्याकडे जाणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना त्याच शिल्पकाराचे अपूर्ण बंदिवान उभे आहेत. दगडातून अर्धवट बाहेर आलेल्या त्या देहांवर छिन्नीचे घाव जसेच्या तसे दिसतात. पुतळ्याभोवती गर्दी असताना येथे थांबावे. शिल्पकाराचा हात कसा चालतो हे पूर्ण झालेल्या डेव्हिडपेक्षा यांच्यात जास्त कळते.

उफ्फीत्सीला किमान चार तास हवेत. बोत्तिचेल्ली, लिओनार्दो, काराव्हाज्जो यांच्या ओढीने येणाऱ्याने तोच मुख्य कार्यक्रम मानावा आणि चढणे, टेकडी वगैरे बेत त्या दिवशी रद्द करावेत.

सिन्योरिया चौकात नेमके काय पाहावे?

पालात्सो वेक्यो हा १२९९ मध्ये बांधायला घेतलेला किल्ल्यासारखा नगरप्रासाद येथे आहे. त्याच्या दाराशी उभा असलेला डेव्हिड ही प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १८७३ पर्यंत याच जागी उन्हापावसात उभा होता. शेजारच्या उघड्या कमानदार मंडपात चेल्लीनीने घडवलेला, मेड्युसाचे छाटलेले शिर उंच धरलेला कांस्याचा पर्सियस आहे, आणि जांबोलोन्याने एकाच शिळेतून कोरलेली तीन गुंतलेल्या देहांची रचना आहे. ही रचना एका जागी उभे राहून पाहता येत नाही, तिच्याभोवती फिरावेच लागते. मंडपात बसायला परवानगी आहे, खायला नाही.

समुद्रदेवाच्या कारंज्याजवळ जमिनीत एक गोल शिलालेख आहे. जिरोलामो साव्होनारोला या संन्याशाने फ्लॉरेन्सकरांना आरसे, दागिने, पुस्तके आणि चित्रे यांची होळी करायला लावली होती, आणि पुढे २३ मे १४९८ रोजी त्यालाच याच चौकात फाशी देऊन जाळण्यात आले. शिलालेख त्या जागी आहे.

सान्ता क्रोचेपर्यंत जाणे आवश्यक आहे का?

चौकापासून सात-आठ मिनिटांची वाट आहे, आणि ती व्हिया दे नेरी या गल्लीतून जावी. या गल्लीच्या जवळ, सान रेमिजिओ गल्लीच्या कोपऱ्यावर डोके वर करून पाहावे. भिंतीवर दोन खुणा आहेत: एक १३३३ च्या महापुराची, दुसरी १९६६ च्या. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरलाच आले, आणि १९६६ ची खूण आणखी वर आहे. ती पाहिल्यावर आर्नो नदीचे उन्हाळ्यातले संथ, हिरवट पाणी फसवे वाटू लागते. त्या पुरानंतर चिखलात माखलेली पुस्तके आणि चित्रे बाहेर काढायला देशोदेशींचे तरुण स्वतःहून आले होते. त्यांना येथे आजही 'चिखलातले देवदूत' म्हणतात.

सान्ता क्रोचे चर्चला तिकीट आहे. आत मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या आहेत. गॅलिलिओचे निधन १६४२ मध्ये झाले, पण चर्चच्या रोषामुळे त्याला या मानाच्या जागी आणायला १७३७ उजाडले. दान्तेचे येथे स्मारक आहे, देह नाही. शहराने त्याला १३०२ मध्ये हद्दपार केले, तो रावेन्नात वारला, आणि रावेन्नाने त्याच्या अस्थी पुढे कधीच परत दिल्या नाहीत.

शाकाहारी माणसाला नीट जेवायला मिळते का?

मिळते, आणि ते पिझ्झापुरते मर्यादित नाही. तोस्काना प्रांताचे जुने जेवण शेतकऱ्यांचे आहे. शिळा पाव, पांढरे घेवड्याचे दाणे, काळपट हिरव्या पानांचा कोबी आणि गाजर-कांदा एकत्र शिजवून केलेली रिबोल्लीता; टोमॅटो, पाव आणि तुळशीच्या जातीच्या पानांची पाप्पा अल पोमोदोरो; उन्हाळ्यात पाव भिजवून, काकडी-कांदा घालून केलेली पान्झानेल्ला; हे सर्व पदार्थ मुळात शाकाहारी आहेत. पीसा-लिव्होर्नोच्या किनाऱ्याकडची चेचीना काही दुकानांत मिळते. ती हरभऱ्याच्या पिठाची, ऑलिव्हच्या तेलात भट्टीत भाजलेली असते, आणि आपल्या बेसनाच्या धिरड्याची ती सख्खी बहीण शोभेल. येथला पाव अळणी असतो. तो बिघडलेला नसून तसाच करण्याची रीत आहे.

सावधगिरी तीन बाबतींत घ्यावी. सूपसाठी मांसाचा रस्सा वापरलेला असू शकतो, म्हणून 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे सांगून रश्श्याबद्दल वेगळे विचारावे. सुरुवातीला येणाऱ्या कुरकुरीत पावाच्या तुकड्यांवर बहुधा कोंबडीच्या काळजाचे वाटण लावलेले असते. आणि हातगाड्यांवर गर्दी खेचणारे लाम्प्रेदोत्तो हे गाईच्या चौथ्या जठराचे असते. गोमांस वर्ज्य असलेल्यांनी नाव लक्षात ठेवावे. अगदी काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांसाठी एवढे सांगणे योग्य ठरेल की पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण वापरतात. जैन प्रवाशांना कांदा-लसणाशिवायचे तयार पदार्थ शोधताना अडचण येते. सान लोरेन्त्सोच्या मध्यवर्ती बाजारातून फळे, पाव, ताजे चीज आणि ऑलिव्ह घेणे हा त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. लोखंड आणि काचेचा हा बाजार १८७४ पासूनचा आहे आणि केवळ पाहण्यासाठीही जावे.

दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीचपर्यंतच मिळते, रात्रीचे साडेसातनंतर. बिलात माणशी एक ठरावीक रक्कम 'कोपेर्तो' म्हणून जोडलेली असते; ती फसवणूक नाही, मेनूवर छापलेली असते. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते आणि बसून प्यायली तर महाग, विशेषतः मोठ्या चौकांत. आइसक्रीम घेताना पिस्त्याचा रंग पाहावा: भडक हिरवा असेल तर पुढचे दुकान गाठावे.

पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहांची काय सोय आहे?

सार्वजनिक नळांचे पाणी पिण्यायोग्य असते, तेव्हा बाटली सोबत ठेवावी. सार्वजनिक स्वच्छतागृहे थोडी आहेत आणि बहुधा पैसे आकारतात. संग्रहालयातून निघताना आणि जेवणानंतर तेथलीच सोय वापरून घ्यावी, किंवा एखाद्या कॅफेत कॉफी घेऊन विचारावे.

पोंते वेक्योवर सोने घ्यावे का?

पाहावे अवश्य, घेण्याची घाई करू नये. हा पूल १३४५ चा आहे. आधीचा १३३३ च्या पुरात वाहून गेला. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. वर मेदिची घराण्याच्या खासगी येण्याजाण्यासाठी वसारीने १५६५ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत बांधलेली बंद वाट होती, आणि खालचा वास राज्यकर्त्यांना सहन होईना. १५९३ मध्ये फर्दिनांदो पहिला याने खाटकांना हलवून जागा सोनारांना दिली, ती आजतागायत त्यांच्याकडे आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले इतर सर्व पूल उडवले. हा एक ठेवला आणि त्याच्या दोन्ही टोकांची घरे पाडून वाट अडवली.

येथले दागिने साधारणपणे १८ कॅरटचे असतात. २२ कॅरटची सवय असलेल्या मराठी घरांत गुंतवणूक म्हणून सोने पाहिले जाते, आणि येथे तर किंमत घडणावळीची आणि जागेची असते. नाजूक कारागिरी आवडली तर एखादी छोटी वस्तू घ्यावी. पुलाचे खरे दर्शन मात्र पुलावरून होत नाही. पुढच्या सान्ता त्रिनिता पुलावर जावे आणि तेथून मागे वळून पाहावे. १९४४ मध्ये उडवलेला हा दुसरा पूल १९५८ पर्यंत नदीतून काढलेले मूळ दगड वापरून पुन्हा जसाच्या तसा बांधला गेला. त्याच्या एका कोपऱ्यावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचे शिर तेव्हाही सापडले नव्हते. ते १९६१ मध्ये नदीच्या गाळातून निघाले.

नदीपलीकडे काय आहे?

ओल्त्रार्नो हा कारागिरांचा भाग आहे, आणि दुपारनंतरचा वेळ येथे घालवावा असे आमचे आग्रहाचे मत आहे. पित्ती राजवाड्याचा पसारा बाहेरून पाहिला तरी पुरतो. त्याच्या मागच्या गल्ल्यांत लाकडी चौकटींना सोन्याचा वर्ख लावणारे, चामडे शिवणारे, पुस्तके बांधणारे आणि रंगीत लहरींचा कागद करणारे लोक उघड्या दारामागे काम करताना दिसतात. आत डोकावण्याआधी नमस्कारादाखल 'बोन्जोर्नो' म्हणावे, छायाचित्राआधी विचारावे. सान्तो स्पिरितो चर्चचा पुढचा भाग अगदी साधा, सजावट न केलेला आहे, आणि आत शिरल्यावर ब्रुनेलेस्कीच्या राखाडी दगडी खांबांची प्रमाणबद्ध रांग समोर येते. जवळच कार्मिने चर्चमध्ये ब्रांकाच्ची कुलाचे उपासनागृह आहे, जेथली मासाच्चोची भित्तिचित्रे पुढच्या पिढ्यांतल्या चित्रकारांनी येऊन गिरवली. त्यासाठी वेळ आरक्षित करावी लागते.

जुन्या घरांच्या भिंतींत कमरेच्या उंचीवर हातभर आकाराच्या कमानदार खिडक्या दिसतील. सरदार घराणी त्यांतून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला थेट वाइन विकत असत. लहान मुले सोबत असतील तर त्यांना या खिडक्या मोजायला लावाव्यात, चालण्याची कुरकुर थांबते.

कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचे स्मारक येथे आहे, हे खरे का? ते पाहता येईल का?

खरे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासाला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचे येथे निधन झाले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात सोबतच्या मंडळींनी अधिकाऱ्यांकडून विशेष परवानगी मिळवली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार केले. आपल्याकडे नदीसंगमाचे जे महत्त्व आहे ते त्यांनी परमुलखातही जपले. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारून तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा बसवण्यात आला. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुविशारद तेच. महाराजांनी प्रवासात लिहिलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून प्रसिद्ध केली.

फ्लॉरेन्सकर या जागेला 'इंदियानो' म्हणतात, आणि जवळून जाणाऱ्या, १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या पुलाचेही नाव त्यावरूनच 'पोंते अल्लिंदियानो' असे पडले आहे. कोल्हापूरचे नाव शहरातल्या बहुतेकांना ठाऊक नसते, 'इंदियानो' मात्र टॅक्सीवाल्यापासून सर्वांना ठाऊक असतो.

स्मारक 'काशीने' नावाच्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. उद्यान सुमारे साडेतीन किलोमीटर लांब, सपाट आणि सावलीचे आहे. ट्रामने 'काशीने' थांब्यावर उतरून झाडांमधून सरळ चालत गेल्यास पाऊण तासाच्या आसपास लागतो. जाऊन-येऊन किमान अडीच तास धरावेत, म्हणजे ओल्त्रार्नो किंवा टेकडी यांपैकी एकाला त्या दिवशी रजा द्यावी लागेल. ही अदलाबदल करावी का? मराठी वाचकाला आमचे उत्तर 'होय, करावी' असेच राहील, कारण पित्तीचे दालन पाहायला जगभरातून माणसे येतात आणि या छत्रीपाशी बहुधा आपण एकटेच असतो. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो. अंधार पडल्यावर मात्र उद्यानात रेंगाळू नये.

संध्याकाळी टेकडीवर जावे का?

मायकेलअँजेलो चौकातून दिसणारे शहर सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेले असते, आणि सूर्यास्ताला तेथे गर्दीही तशीच असते. हा चौक जुना नाही. शहर राजधानी असताना जुसेप्पे पोज्जी यांनी केलेल्या फेररचनेत, १८६९ मध्ये, तो आखला गेला. सान निकोलो वेशीपासून वर जाणारी पायवाट वीस-पंचवीस मिनिटांची आहे. पाय दमले असतील तर बस जाते. चौकात थोडे थांबून दहा मिनिटे आणखी वर सान मिनियातो चर्चपर्यंत जावे. हजार वर्षांपूर्वीचे हे चर्च शहरातल्या कोणत्याही चर्चइतकेच सुंदर आहे, समोरच्या कठड्यावरून तेच दृश्य दिसते, आणि माणसे कितीतरी कमी असतात. तेथील मठवासी संध्याकाळच्या प्रार्थनेत लॅटिन पदे एकसुरात गातात. ती वेळ चर्चच्या दारावर लिहिलेली असते.

पत्ता शोधताना घरांचे क्रमांक उलटसुलट का दिसतात?

फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर क्रमांकांच्या दोन स्वतंत्र मालिका आहेत. दुकाने व उपाहारगृहांचे क्रमांक लाल, राहत्या घरांचे निळे किंवा काळे. लिहिताना लाल क्रमांकापुढे 'आर' हे रोमन अक्षर जोडतात. म्हणून १५ क्रमांकाचे घर आणि लाल १५ क्रमांकाचे दुकान यांच्यात बरेच अंतर असू शकते.

फसवणुकीबाबत कोणती काळजी घ्यावी?

स्थानक, कॅथीड्रलची रांग आणि पोंते वेक्यो येथे खिसेकापू असतात; पारपत्र आतल्या खिशात असावे. पदपथावर पसरलेल्या छापील चित्रांवर पाय पडला की भरपाई मागणारे विक्रेते भेटतात. वाद न घालता चालू लागावे. नामांकित कंपन्यांच्या नकली पिशव्या घेऊ नयेत, कारण इटलीत त्या विकणाऱ्याप्रमाणेच विकत घेणाऱ्यालाही दंड होतो.

त्याच दिवशी पीसाचा झुकता मनोरा जोडता येईल का?

रेल्वेने एका दिशेला साधारण एक तास लागतो, त्यामुळे वेळापत्रकात तो बसतो. स्थानकावरून मनोऱ्यापर्यंत आणि परत, छायाचित्रे, गाडीची वाट पाहणे असे धरून पाच तास जातात, आणि फ्लॉरेन्सचा वर सांगितलेला दिवस त्यात उरत नाही. दोन्ही हवे असतील तर मुक्काम एका रात्रीने वाढवावा. ते शक्य नसेल आणि घरातल्या मुलांनी मनोऱ्याचाच हट्ट धरला असेल, तर पीसालाच निवांत जावे आणि फ्लॉरेन्स पुढच्या सहलीसाठी ठेवावे.